दप्तरातला सोनचाफा

निर्मळ गावच्या काशिनाथ गुरुजींना स्वतःच्या नातवाचा वाढदिवस आठवत नसे, पण तुमच्या खापरपणजोबांना किती बायका होत्या ते झोपेतही सांगत. शाळेतून निवृत्त झाल्यावर ते मोडी वाचायला शिकले आणि तालुक्याच्या कचेरीतली जुन्या दप्तरांची खोली हेच त्यांचं दुसरं घर झालं. दर मंगळवारी तिथे जायचं, कोतवाल बुकं, म्हणजे गावोगावच्या जन्ममृत्यूंच्या जुन्या वह्या, उघडायच्या आणि लोकांना वंशावळ काढून द्यायची. कुणाला जातपडताळणीसाठी पुरावा हवा असे, तर नायगावच्या टॉवरमधल्या एखाद्याला आपण मूळचे कुठले एवढंच कळायला हवं असे. मोबदला काय, तर केळ्यांची एक फणी.

त्यात गुरुजींनी एक रीत पाडली होती. नाव सापडलं की खिशातला सोनचाफा काढायचा, नावावर ठेवायचा, हात जोडायचे आणि वही मिटायची. माणसं गहिवरत. गुरुजींनाही बरं वाटे. खोटं कशाला बोला, गावच्या भटजींपेक्षा आपण दोन बोटं उंच झालो असंच वाटे.

यंदा जूनमध्ये खोलीच्या दारावर कागद लागला. जुनी दप्तरं खराब होत असल्यामुळे बाहेरच्यांना प्रवेश बंद. अर्ज द्यावा, कर्मचारी शोधतील.

गुरुजींचं डोकं फिरलं. "दप्तर काय यांच्या बापजाद्यांचं आहे? आमच्या बापजाद्यांचं आहे ते!" भर कचेरीत ते ओरडले. मग विरारपासून नायगावपर्यंत हिंडून एकशे चाळीस सह्या जमवल्या. शेवटी सुनावणी लागली.

सुनावणीला त्यांनी उन्नतीला बरोबर नेलं. वाडीवाल्या आत्मारामची ही नात. नर्सिंगच्या प्रवेशाला जातपडताळणी लागत होती आणि त्यासाठी तिला पणजोबांच्या जन्माची नोंद हवी होती, तीही महिनाअखेरीच्या आत. तिच्या अर्जावर कचेरीने 'नोंद आढळत नाही' असा शेरा मारला होता. गुरुजींना हेच हवं होतं, कारण अकरा वर्षांपूर्वी ती नोंद त्यांनीच आत्मारामला दाखवली होती. त्या वेळी आत्माराम म्हणाला होता, "गुरुजी, शिक्क्याची नक्कल घेऊन ठेवू का?" गुरुजी हसले होते. "वही कुठे पळून जाते काय रे?"

"मॅडम," गुरुजी वसुंधरा मॅडमना म्हणाले. दप्तरखाना त्यांच्याच हाताखाली होता. "तुमच्या माणसांना मोडीचा म सुद्धा येत नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला? वही आणा, मी दाखवतो."

खोली सांभाळणाऱ्या संकेतने वही आणली, पण टेबलावर ठेवताना तो घुटमळला. गुरुजींनी ऐटीत पान उघडलं.

पानावर चपटा, काळपट सोनचाफा होता. त्याच्या ओलीने शाई पसरली होती आणि कसरीने नेमकं नावच खाल्लं होतं. वरची नोंद धड होती, खालचीही धड होती. मध्ये फुलाएवढं भोक.

"हे कुणी ठेवलं?" मॅडमनी संकेतकडे पाहिलं. "चाव्या तुझ्याकडे असतात ना?"

संकेत खाली मान घालून उभा राहिला. त्याला सगळं ठाऊक होतं, पण म्हाताऱ्या माणसाचं नाव त्याच्या तोंडून निघेना. गुरुजींनी बोलायला हवं होतं. शाळेत तीस वर्षं त्यांनी पोरांना हेच शिकवलं होतं. पण ते खिडकीकडे बघत राहिले.

"हे आमच्या आजोबांसाठी वाहिलेलं फूल असेल!" उन्नती हरखून म्हणाली. "आजोबा मरेपर्यंत सांगायचे. गुरुजींनी आमच्या पणजोबांवर फूल वाहिलं."

गुरुजींना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. पोरगी चहाडी करत नव्हती, कौतुक करत होती. भोकाचा अर्थ तिला अजून कळायचा होता. मग तिने पान जवळ ओढलं, भोकाच्या कडेने बोट फिरवलं आणि वही मॅडमपुढे सरकवली.

मॅडम पानं उलटत गेल्या. त्या एकाच वहीत नऊ फुलं निघाली.

"मीच ठेवली," गुरुजी म्हणाले. "संकेतचा दोष नाही. मॅडम, मला बंद करा. खोली बंद करू नका. हिच्यासारखे किती तरी येतील."

मॅडमनी सह्यांचा गठ्ठा जवळ ओढून चाळला. "खोली उघडी राहील," त्या शेवटी म्हणाल्या. "कर्मचाऱ्यासमोर वाचायचं, फोटो काढायचे, पानावर काही ठेवायचं नाही. आणि गुरुजी, तुम्ही वाचून दाखवा, पण वहीला हात लावायचा नाही."

गुरुजींनी मान हलवली. पणजोबांचं एखादं सख्खं भावंड सापडलं तर तोही पुरावा चालणार होता. गुरुजी हात पाठीमागे बांधून उभे राहिले आणि उन्नती पानं उलटू लागली. ती त्यांच्याकडे बघत नव्हती. दोन तासांनी त्यांनी तिला थांबवलं. तोच बाप, तेच गाव, जातीची नोंद स्वच्छ, आणि पुढे नुसतं 'मुलगी'. नावही नव्हतं. तिला शोधत या खोलीत कधी कुणी आलं नव्हतं, तिच्यावर कुणी फूल वाहिलं नव्हतं, म्हणून ती शाबूत राहिली होती.

उन्नतीने फोटो काढला. सवयीने गुरुजींचा हात खिशाकडे गेला. जिंकल्यावर वाहायला म्हणून सकाळी खुडलेला सोनचाफा तिथे होता. त्यांनी खिसा मुठीत घट्ट आवळून धरला, पण वास सगळ्या खोलीत केव्हाच पसरला होता.