सेन्सरला न दिसलेली गोधडी

"मॅडम, गाडीत काहीच फॉल्ट नाही," मी दुसऱ्यांदा सांगितलं. मेश्राम मॅडमनी किल्ली टेबलावर ठेवली आणि माझ्याकडे सरकवली.

"मंग ठेवून घ्या, सर. मी उद्यापासून बसनं जाते मौद्याले."

मॅडम मौद्याच्या शाळेत शिकवतात. राहायला जरीपटक्यात, आईसोबत. गाडी नवी, उंच, ऐटदार. मागची काच मात्र पोस्टाच्या पेटीच्या फटीएवढी. हल्ली हीच फॅशन आहे. मागचे खांब जाड झाले, काच वर सरकली आणि जे दिसत नाही ते कॅमेऱ्यावर सोपवलं गेलं. आठ दिवसांपूर्वी अंगणात मॅडमनी गाडी मागे घेतली आणि आईंना धक्का लागला. सेन्सरची बीप वाजलीच नाही, ही त्यांची तक्रार. मनगटाला मुका मार बसला, तेवढ्यावर निभावलं. आई शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत होत्या, मी आपली घसरून पडले. ते ऐकून मॅडमना जास्तच लागलं. तेव्हापासून रिव्हर्स टाकायला त्या धजत नव्हत्या.

मी सर्व्हिस अॅडव्हायजर, म्हणजे गिऱ्हाईक आणि मेकॅनिक यांच्यामधला दुभाषी. दुपारी जेवण झाल्यावर तपासणीच्या नावाखाली मी त्या गाडीत जाऊन बसलो. हा माझा जुना नाद. काचा बंद केल्या की वर्कशॉपचा आवाज तुटतो. आरशात निळे युनिफॉर्म हलतात, पाण्याची नळी वळवळते, उन्हाच्या पट्ट्यात धूळ तरंगते. सगळं कसं पाण्याखाली चाललंय असं वाटतं. किती वेळ गेला कळलं नाही. फोरमन वासुदेवनं काचेवर टकटक केली.

"झोपले का साहेब?"

"टेस्ट करून राहिलो."

"मंग घ्या मागं. येऊ द्या, येऊ द्या..." तो डिकीवर थापा मारत मागे चालत राहिला. "बस!"

कॅमेऱ्यात चित्र स्वच्छ. भिंत जवळ आली तशी बीप बरोबर वाढली. तपासणीच्या जॉब कार्डवर मी पुन्हा तीच तीन इंग्रजी अक्षरं लिहिली: एनटीएफ. नो ट्रबल फाउंड. मराठीत सांगायचं तर, तुमची तक्रार आम्हाला सापडली नाही.

आमचे मॅनेजर म्हणाले, "किती दिवस ठेवणार ती गाडी? उद्या घरी पोचवून दे. आणि मॅडमना नीट समजावून सांग."

सकाळी साडेआठला मी जरीपटक्यात पोचलो. थंडीचे दिवस. धुकं अजून पुरतं विरलं नव्हतं, गल्लीतली घरं अर्धवट पुसल्यासारखी दिसत होती. मॅडमनी त्यांच्या पद्धतीप्रमाणेच गाडी लावायला सांगितली म्हणून मी ती तोंड घराकडे करून अंगणात घेतली. पाठ फाटकाकडे, पूर्वेला. थोड्या वेळानं आई बाहेर आल्या. खांद्यावरून गोधडी, हातात लाकडी पाट. गाडीच्या मागे उन्हाचा चौकोन पडला होता, तिथे पाट टाकून बसल्या.

"इथंच काहून बसता, आई?"

"मंग कुठं बसू जी? एवढंच ऊन येते आमच्या वाट्याले."

धक्का लागला त्या दिवशी मॅडम बॅग सीटवर ठेवत होत्या, तेवढ्यात आई अशाच येऊन बसल्या होत्या. मॅडमना वाटलं, त्या आतच आहेत.

मी आईंना उठवून ओट्यावर बसवलं. पाटावर गव्हाचा रिकामा डबा ठेवला आणि त्याला गोधडी पांघरली. गाडीत बसलो. रिव्हर्स टाकला.

आरशात कडुनिंबाची फांदी आणि पांढुरकं आभाळ. फार सुंदर दिसत होतं, खरंच. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर कोवळं ऊन थेट शिरलं होतं, नुसतं दूध सांडल्यासारखं पांढरं. सेन्सर गप्प. मी हळूहळू मागे येत होतो आणि मला जाणवलं, मी कशाची तरी वाट बघतोय. डिकीवरच्या थापेची. वर्कशॉपमध्ये इतक्या वर्षांत मी एकही गाडी मागे कोणी उभं नसताना मागे घेतली नव्हती. मला दिसतंय असं मी समजत होतो. बघत होता वासुदेव.

खण्ण आवाज झाला. डबा आडवा पडला होता.

मी उतरून डबा उभा केला. डब्याच्या जागी कोण बसलेलं असतं, हे त्या दोघींना सांगायची गरज नव्हती. मॅडम ओट्यावर आईंचा हात धरून उभ्या होत्या. आई म्हणाल्या, "आता समजलं का जी? माही पोरगी आंधळी नाही."

कारण अगदी साधं होतं. सेन्सर आपल्याला ऐकू न येणारा आवाज फेकतो. तो आदळून परत आला की बीप वाजते. भिंतीवरून परत येतो, जाड गोधडीत मुरतो. कॅमेरा सावलीत चालतो, समोरून ऊन आलं की दिपतो. काच तर आधीच वर गेलेली. आमच्या शेडमध्ये ना समोरून ऊन, ना गोधडी; तिथे यातलं काहीच चुकणार नव्हतं.

मॅनेजरना फोन केला. ते म्हणाले, "डिझाइन आपण थोडीच बदलणार?"

"नाही सर. पण जॉब कार्ड बदलतो. त्यावर माझी सही आहे."

ते म्हणाले, "बदल."

काच मोठी करणं माझ्या हातात नव्हतं. मॅडमची सीट उंच केली, मागच्या सीटचे हेडरेस्ट खाली बसवले. गाडी संध्याकाळीच रिव्हर्सनं आत घेऊन लावायचं ठरलं, म्हणजे सकाळी तोंड फाटकाकडे. आईंना पाटाऐवजी खुर्ची मिळाली, तीही बाजूच्या भिंतीशी. तिथे ऊन उशिरा येतं, अशी त्यांची तक्रार आहे. तिच्यावर आमच्याकडे उपाय नाही.

तीन संध्याकाळी मी मॅडमच्या शेजारी बसलो. चौथ्या दिवशी त्या म्हणाल्या, "सर, आता तुम्ही उतरा." मी फाटकाबाहेर जाऊन उभा राहिलो. त्यांनी गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला, उतरल्या, मागे जाऊन वाकून पाहिलं. परत बसल्या. अर्ध्यात थांबून पुन्हा उतरल्या. गल्लीत एक ऑटोवाला खोळंबला, हॉर्न वाजवू लागला. त्यांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. गाडी लावून झाल्यावरच हात करून त्याला वाट दिली.

उतरून पाहायला अर्धं मिनिट लागतं. एवढ्या गाड्या विकल्या, पण हे फीचर आम्ही कोणाला सांगितलं नव्हतं, कारण आम्ही स्वतःच ते वापरत नव्हतो. आता मी वापरतो. मागचे हॉर्न वाजवतात.