धुऱ्यावरची चिंधी

ट्रॅव्हल्सची गाडी फाट्यावर थांबली तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न मारत होता आणि मायचं सामान काही संपत नव्हतं. मूगवड्यांचा डबा, वाळवलेल्या अंबाडीची पिशवी, सातूचं पीठ, जवसाची चटणी, तुपाची बरणी. जुईच्या अंगात मायनं स्वतः शिवलेला लाल फ्रॉक होता, तिच्या मापापेक्षा चांगला मोठा, म्हणजे दोन वर्षं पुरेल. अंशुल माझ्या कडेवर झोपलेला. माझा नवरा प्रशांत आधीच पुण्यात जाऊन खोली बघून आला होता, तो टपावर सामान चढवत होता. मला रडू आवरेना. माय म्हणाली, "रडतं कायले वं? पुण्याले तं चालली." मग गाडी हलली तेव्हा खिडकीशी चालत चालत तिनं खरं सांगायचं ते सांगितलं, "लेकरायले इकतचं खाऊ घालजो नोको. घरचंच करजो."

बाबा फाट्यावरच्या बाकड्यावर बसून राहिले. संध्याकाळी त्यांना नीट दिसत नाही, त्यामुळे मी कुठल्या खिडकीत आहे हे त्यांना कळलं नसावं. त्यांनी अख्ख्या गाडीलाच हात हलवला.

हे लिहितेय ते त्या दोघांसाठी, माय ते बाबांना वाचून दाखवेल. आणि अशाच कुठल्यातरी फाट्यावरून गाडीत बसून इकडे आलेल्या, आता कुणाच्या तरी घराच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या बायकांसाठीही.

आमचा वरचा मजला पुण्याच्या कडेला, धायरीत. खाली हिराकाकू, आमच्या घरमालकीण. त्यांच्या घराण्याची इथं शेती होती, आता तिथं टॉवर आहेत. घराच्या मागं एक तुकडा तेवढा उरलाय, तो त्यांच्या दिरांचा. मी आले तेव्हा पहिल्यांदा गॅलरीतून तोच पाहिला. सगळीकडे सिमेंट आणि मध्ये तेवढंच गवत, कोपऱ्यात शेवग्याचं झाड. मला बरं वाटलं.

मी मूळची भित्री नाही. गावात घरात साप निघाला तर लोक मला बोलवायचे. पण पुण्यात आल्यावर मला कशाचीही भीती वाटायला लागली. दोन लेकरं घेऊन सिंहगड रोड ओलांडायचा म्हटलं की मी कितीतरी वेळ कडेलाच उभी राहायचे. गच्चीवरच्या टाकीचं झाकण उघडं राहिलं असेल का, जुईची व्हॅन वेळेवर का आली नाही, पाकिटातलं दूध खरंच दूध आहे का. प्रशांतची कंपनी हडपसरच्या बाजूला. तो सकाळी बाईकवर निघाला की संध्याकाळी गेटचा आवाज येईपर्यंत माझा जीव टांगणीला.

बाहेरचं काही आपल्या हातात नाही, म्हणून आतलं सगळं मी हातात घेतलं. मायचा शब्द होताच. बिस्किट नाही, सातूच्या वड्या. सॉस नाही, टोमॅटोची चटणी. दही, तूप, मसाले, लेकरांची दुपटी, अंघोळीचं उटणं, सगळं घरी. खेळायला कणकेच्या चिमण्या. प्रशांत म्हणायचा, "एक दिवस तू गॅसपण घरीच बनवशील." मी हसायचे, पण मला मनापासून वाटायचं की घरचं आहे तोवर माझ्या लेकरांना काही होणार नाही.

आता धुऱ्याचं सांगायला हवं, कारण इकडच्यांना ते माहीत नाही. धुरा म्हणजे शेताचा बांध. पावसाळा जरा मुरला की आमच्याकडे बायका धुऱ्याधुऱ्यानं रानभाजी खुडत जातात. कुणाच्या शेतात शिरलं म्हणून कुणी रागावत नाही. फक्त एक पाळायचं. ज्यानं शेतात औषध फवारलं, त्यानं धुऱ्यावर काडी रोवून तिला चिंधी बांधायची. लाल असली तर उत्तम, नसली तर कुठलीही. चिंधी दिसली की बाईनं वाकायचं नाही आणि गुराख्यानं गुरं वळवायची. लहानपणी आम्हाला अक्षरं कळायच्या आधी चिंधी कळायची.

आमच्या घरात तर ती फारच कळायची. मी दहावीत असताना कपाशीवर फवारताना बाबांना औषध लागलं. बैलगाडीत घालून आणलं तेव्हा तोंडाला फेस होता आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. मला ते ओळखत नव्हते. जिल्ह्याच्या दवाखान्यातून ते परत आले, पण नजर पूर्वीसारखी आली नाही. त्यानंतर मला शेतीत द्यायचं नाही हे त्यांनी ठरवलं. मी पुण्यात आहे ती त्यामुळे.

तर गेल्या पावसाळ्यात मागच्या तुकड्यात तरोटा उगवला. इकडे त्याला टाकळा म्हणतात. कोवळा, लुसलुशीत, गावाकडचाच. गॅलरीतून दोन दिवस सकाळी मी तो नुसता बघितला. तिसऱ्या दिवशी सकाळी अंशुलला कडेवर घेऊन खाली उतरले. सगळ्या कडेनं नजर फिरवली. चिंधी कुठंच नव्हती. मग वाकले आणि शेवग्याच्या झाडाखालून ओटीभर भाजी खुडली. इतके महिने झाले होते, पण पुण्यात काहीतरी मला नीट येतंय असं त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

भाजी तीन पाण्यांतून धुतली. तुरीची डाळ भिजवलेली होती. लसूण, सुक्या मिरच्या, वरून कच्चं तेल. प्रशांतच्या डब्यात मुद्दाम जास्त भरली, कारण त्याच्या लाइनवर आमच्याकडची पोरं आहेत. दुपारी जुई शाळेतून आली. भाजी म्हटली की नाक मुरडणारी ती पोरगी, त्या दिवशी भाकरीबरोबर दोनदा मागून जेवली. अंशुलनं वाटी चाटून पुसली. मग मी माझं ताट घेतलं.

तेवढ्यात हिराकाकू ताक घेऊन वर आल्या. ताटात डोकावून म्हणाल्या, "कुटनं आणलीस गं टाकळ्याची भाजी? मंडईत तर दिसली न्हाई."

मी ऐटीत म्हटलं, "मागून, काकू. शेवग्याखालून."

काकूंच्या हातातलं ताक कलंडलं. "आगं पोरी, तितं तर काल औशिद मारलंय. गवात लई वाढलं, साप-किरडू निगतंय म्हून भावजींनी मानूस लावलावता. लेकरांनी खाल्ली न्हाई ना?"

मी लेकरांकडे बघितलं. जुई तोंड धूत होती. अंशुल रिकामी वाटी डोक्यावर ठेवून हसत होता. माझा घास हातातच होता. का ते मला आजही सांगता येत नाही, पण मी तो घास तोंडात घातला आणि गिळला. दुसरा उचलला. लेकरांना जे होईल ते मला व्हायला हवं, एवढंच डोक्यात होतं. काकूंनी माझ्या हातावर फटका मारून ताट भिरकावलं. "येडी का काय तू! तुला काय झालं तर ह्यांना कोन बगंल? ऊठ."

काकूंनी अंशुलला उचललं, मी जुईला. भाजीचं पातेलंसुद्धा काकूंनी पिशवीत घातलं, डॉक्टरांना दाखवायला. रिक्षात मी जुईच्या डोळ्यांत सारखी बघत होते. बाहुल्या लहान होतायत का? तिला वाटलं हा खेळ आहे, तीही डोळे मोठे करून माझ्याकडे बघायला लागली. प्रशांतला फोन लावला, लागला नाही. त्यांच्याकडे लाइनवर जाताना फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो, आणि जेवणाची सुट्टी होऊन गेली होती. डबा खाऊन झाला असणार.

लहान मुलांचे डॉक्टर वयस्कर, अस्सल पुणेकर. त्यांनी आधी दोघांना तपासलं, छाती, डोळे, पोट. मग माझ्याकडे वळले. "अहो, पुण्यात भाजी विकत मिळते. आपोआप उगवलेली इथं कुणी खात नाही." मी पातेलं पुढं केलं आणि बाबांना औषध लागलं होतं ते एका दमात सांगितलं. ते ऐकून त्यांचा आवाज बदलला. "औषध कुठलं होतं? नाव सांगा. त्याशिवाय मला पुढचं कळणार नाही."

काकूंनी तिथूनच दिरांना फोन लावला. दीर म्हणाले, मला काय माहीत, त्या माणसाला विचारा. "मग इचारा की! हितं लेकरं बसवल्यात दवाखान्यात!" काकूंचा आवाज एवढा चढला की वेटिंगमधली सगळी बाळं रडायला लागली. थोड्या वेळानं काकूंच्या मोबाईलवर बाटलीचा फोटो आला. डॉक्टरांनी तो मोठा करून वाचला, मोठ्या दवाखान्यात कुणाला तरी फोन करून विचारलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. शेवटी ते म्हणाले, "हे गवत मारायचं आहे. तुमच्या वडिलांना लागलं ते किड्यांचं, ते वेगळं. भाजी धुतली होतीत, पोटात फार गेलेलं नसणार. पण संध्याकाळपर्यंत दोघांना माझ्या डोळ्यांसमोर ठेवायचं. उलटी, जुलाब, गुंगी, काहीही वाटलं तर लगेच सांगायचं."

मी मान हलवली. ते म्हणाले, "घाबरू नका म्हटलं तरी तुम्ही घाबरणारच. तर मग इथंच बसून घाबरा."

दुपारभर मी तिथं बसून घाबरले. जुईला जांभई आली की मी तिच्या बाहुल्या पुन्हा बघायचे. अंशुल खाली लोळायला लागला की वाटायचं, खेळतोय की चक्कर आली? काकू बाजूला बसून त्याला टाळ्या शिकवत होत्या आणि मध्येच माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या. मला कारण नसताना मायचा राग आला, घरचंच करजो म्हणून सांगितल्याचा. केलं की घरचंच.

चहाच्या सुट्टीत प्रशांतचा फोन आला. "भाजी काय भारी झाली होती! सगळी पोरं तुटून पडली. डबा फिरत फिरत पार शेवटच्या मशीनपर्यंत गेला." मी ओरडून त्याला काय झालं ते सांगितलं. मग तो म्हणाला, "म्हणजे आता मी सगळ्यांना सांगू?" आणि सांगितलंही त्यानं. एका पोराला ऐकूनच मळमळलं. बाकी कुणाला काही झालं नाही.

आमच्या लेकरांनाही नाही. दिवस मावळायच्या आत डॉक्टरांनी आम्हाला घरी सोडलं. जाताना जुईनं त्यांना विचारलं, "उद्या परत तीच भाजी खाऊ?" ते म्हणाले, "आईला विचार. पण माझ्यासमोर नको."

भीती मात्र घरी आली. पुढचे काही दिवस मी सकाळी उठल्यावर आधी लेकरांच्या छातीवर हात ठेवायचे आणि मग गॅलरीत जायचे. हे तणाचं औषध लगेच दिसत नाही, गवत काही दिवस हिरवंच राहतं. मी वाट बघत होते. आधी रस्त्याच्या कडेचं गवत पिवळं पडलं. मग मधलं. शेवग्याखालचं हिरवंच होतं, आणि मला वाटायला लागलं की माझी भाजी वाचलेली होती, फवारणारा तिथवर आलाच नव्हता. एका सकाळी बघते तर तेही पिवळं. मी शेंडे खुडलेली रोपंसुद्धा. मी गॅलरीतच खाली बसले. घरात जुई अंशुलला खोटं खोटं जेवण भरवत होती.

त्यानंतर मी भाज्या मिठाच्या पाण्यात भिजवून भिजवून पार लगदा करायचे. मग तेही सुटलं आणि काही महिने आमच्या घरात सगळं पाकिटातलं आलं. लेकरं खूश. मी मायला फोनवर सांगायचे, हो, घरचंच करते.

खरं सांगितलं ते बाबांना. त्यांनी सगळं ऐकून एकच विचारलं, "चिंधी नोती बांधली?"

"नाही बाबा. इथं बांधत नाहीत."

औषध मारून माणूस तसाच निघून जाईल, हे त्यांच्या डोक्यात शिरतच नव्हतं. मग म्हणाले, "मंग त्यायले सांग ना. मालूम नसंल त्यायले."

मला ते भोळं वाटलं. पुण्यात कुणाला जाऊन सांगायचं, की तुमच्या प्लॉटवर चिंधी बांधा? पण एकदा काकूंबरोबर गच्चीत मूगवड्या घालत होते, कारण वड्या मी सोडल्या नव्हत्या, तेव्हा बोलता बोलता सांगितलं. बाबांचं, बैलगाडीचं, धुऱ्यावरच्या चिंधीचं, सगळंच. काकू वड्या टाकत राहिल्या. म्हणाल्या, "आमच्यात बी असंल पूर्वी. आता शेतंच न्हाईत तर कोन ध्यानात ठेवतंय." विषय तिथंच संपला.

यंदा पावसाळ्यात गवत पुन्हा वाढलं. परवा सकाळी काकूंनी खालून हाक मारली, "तुज्या पोरीचा एखादा जुना फ्रॉक हाय का गं? लाल असला तर बरा." मी विचारलं, कशाला? त्या म्हणाल्या, "दे तर आदी."

लाल एकच होता, मायनं शिवलेला. आता तो जुईला काखेत काचायचा. मी तो देताना जरा घुटमळले, मग दिला.

थोड्या वेळानं गॅलरीत आले. खाली काकू पदर खोचून दिरांवर ओरडत होत्या, "अजून वर बांदा! रस्त्यावरनं दिसाय नगं का!" दीर कुरकुरत होते, पण बांधत होते. पाठीवर पंप घेतलेला माणूस बाजूला उभा होता. काकूंनी वर बघितलं. "आता दोन म्हैनं हिकडं फिरकू नगंस. आन् त्या पलीकडच्या अपार्टमेंटच्या बायास्नी बी सांग."

जुई माझ्याशेजारी येऊन ओरडली, "आई, माझा फ्रॉक!" तो बांबूवर फुगून हलत होता, मोठा दिसत होता, अंगात घातलेला असताना दिसायचा तसाच.

मी फोटो काढून गावी पाठवला. बाबांना तो मोबाईलवर नीट दिसणार नव्हता, मायनं सांगितला असणार. लगेच फोन आला.

"कोणं बांधली?" बाबांनी विचारलं.

मी काकूंचं नाव सांगणार होते. तोंडातून निघालं ते असं, "आपल्याच लोकांनी, बाबा."