नेणार होतो

गेल्या उन्हाळ्यात असोद्याहून जळगावला जाणाऱ्या बसमध्ये शेजारच्या एका आबांनी माझ्याकडून इंग्रजीतलं एक वाक्य बदलून घेतलं. त्यांची नात परदेशात जन्मली, तिला मराठी येत नाही. ती सुट्टीत येणार म्हणून त्यांनी महिनाभर पाठ केलं होतं, "आय विल टेक यू टू बनाना गार्डन." मी तुला केळीच्या बागेत नेईन. आदल्या दिवशी तिचं येणं रद्द झालं.

"आता 'नेणार व्हतो' कसं म्हनू, भाऊ?"

"आय वॉज गोइंग टू टेक यू."

"लय लांबलं हे. पन मी खरंच नेणार व्हतो, हे तिले समजीन ना?"

"समजेल."

आबांनी फोनची काच उपरण्याने पुसली आणि वाक्य घोकायला घेतलं. मागच्या सीटवरची बाई म्हणाली, "आबा, आता आमालेबी पाठ झालं." ते हसले, पण थांबले नाहीत.

जळगाव जवळ आलं तेव्हा नातीचा व्हिडिओ कॉल आला. सात-आठ वर्षांच्या मुलीने पडद्यावरून हात हलवला. आबांनी टोपी सारखी केली.

"आय विल टेक यू टू बनाना गार्डन," ते म्हणाले.