इस्त्रीवालीचे ओले हात

देल्फिनाला नर्सिंग कॉलेजात प्रवेश मिळाल्याची बातमी पोतोतान गावातल्या आमच्या गल्लीत सकाळी आली. दुपारपर्यंत सगळ्यांनी तिचं अभिनंदन उरकून घेतलं, आणि संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानापुढे खरा प्रश्न निघाला. नर्स होणार ते ठीक आहे, पण या बाईच्या हातांचं काय?

देल्फिनाचं वय एकोणतीस. गेली अकरा वर्षं ती आपल्या आईच्या, नानाय पुरिंगच्या शेजारी उभी राहून इस्त्री करत होती. मायलेकी लोकांचे कपडे आणायच्या, सोमवार-मंगळवार धुवायच्या आणि बुधवार ते शनिवार इस्त्री करायच्या. धुणं आणि इस्त्री एका दिवशी कधीच नाही. इस्त्रीच्या दिवशी एकदा का इस्त्री हातात धरली, की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पाण्याला शिवायचं नाही. संध्याकाळची आंघोळ नाही, भांडी नाहीत, माशावर लिंबूसुद्धा दुसऱ्याने पिळायचं. त्यांच्या घरची खरकटी भांडी आठवड्यातले चार दिवस पालींच्या ताब्यात असत.

कारण पास्मा. इस्त्रीने हात तापलेले असतात, त्यांना गार पाणी लागलं की ऊन आणि गार यांची शिरांमध्ये मारामारी जुंपते. मग शिरा फुगतात, तळव्यांना घाम सुटतो आणि हात जन्मभर थरथरतात. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. डॉक्टरांना ठाऊक नसतं, पण डॉक्टरांना इस्त्री कुठे करावी लागते? पुरावा हवा असेल तर दुकानवाल्या मानांग कोरिंगकडे पाहावं. (आमच्याकडे थोरल्या बाईला मानांग म्हणतात आणि थोरल्या पुरुषाला मानोंग.) त्यांनी लग्नाच्या आदल्या दिवशी झगा इस्त्री केला आणि नादात हात धुतले. तेव्हापासून त्यांना सुईत दोरा ओवता येत नाही. आता त्यांचं वय एक्याऐंशी आहे, हा मुद्दा कुणी काढत नाही.

नर्स व्हायचं वेड देल्फिनाच्या डोक्यात शिरलं ते याच इस्त्रीतून. सरकारी दवाखान्यातल्या नर्सांचे गणवेश त्यांच्याकडे यायचे. अकरा वर्षांत तिला प्रत्येक नर्स कॉलरवरून ओळखू येऊ लागली आणि डागांवरून तिची ड्युटी. हा आयोडिनचा, हा कॉफीचा, हा बाळाने खांद्यावर काढलेल्या दुधाचा. एकदा तर तिने एक गणवेश अंगात घालून पाहिला आणि आरशापुढे उभी राहून स्वतःचीच नाडी धरली. तेवढ्यात नानाय आत आली. "काढ तो," ती म्हणाली, "घामाचा डाग पडला तर परत धुवावा लागेल, आणि आज बुधवार आहे."

पुढे तिने गुपचूप प्रवेश परीक्षेचा अर्ज भरला. परीक्षेच्या हॉलमध्ये सगळ्या सतरा-अठरा वर्षांच्या पोरी. त्या तिला बाईच समजल्या. वेळ संपली तेव्हा चौघींनी आपापल्या उत्तरपत्रिका आणून तिच्या बाकावर ठेवल्या, आणि तिने त्या नीट क्रमाने लावून दिल्यासुद्धा. तरी ती पास झाली. नंबर अकरावा.

मग कॉलेजने नव्या मुलींना शहरात बोलावून सूचना दिल्या. पांढरे बूट, सेकंदकाट्याचं घड्याळ, बोटांच्या टोकांपुढे नख दिसता कामा नये. आणि पहिल्याच दिवशी सगळ्या वर्गासमोर, कोपरापर्यंत, ठरलेल्या पद्धतीने हात धुऊन दाखवायचे. "सवय करा," तिथल्या मॅडम म्हणाल्या. "पेशंटला हात लावण्याआधी आणि लावल्यावर. दिवसातून पन्नास वेळा तरी होतंच."

देल्फिनाने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा नानाय पुरिंग शर्टाची बाही इस्त्री करत होती. तिने इस्त्री बाजूला उभी केली.

"पन्नास?" ती म्हणाली. "हात आहेत की बदकं?"

त्या दिवसापासून सारी गल्ली हात धुवून देल्फिनाच्या मागे लागली. म्हणजे म्हणायची रीत म्हणून म्हणतो, धुतले कुणीच नाहीत. मानांग कोरिंग रोज आपली बोटं थरथरवून दाखवायच्या. ट्रायसिकल रिक्षावाला मानोंग तेबान म्हणायचा, "नर्सच व्हायचं तर अशी हो, की जी नुसतं लिहून घेते." आणि खरी गोम अशी होती की देल्फिना स्वतःही पास्मा मानत होती. तिने जुन्या बाजारातून आणलेलं नर्सिंगचं जाडजूड पुस्तक शेवटच्या पानावरच्या यादीपासून उलटं शोधलं. पास्मा कुठेच नाही. तिला वाटलं, दुसऱ्या भागात असेल.

बाकी तयारी मात्र जोरात चालली होती. तिने रक्तदाब मोजायचं यंत्र आणलं आणि सरावासाठी दुकानापुढच्या बाकावर बसू लागली. दुसऱ्या दिवशी तिथे रांग लागली. आमच्याकडे रक्तदाब मोजायला लोक येतात ते तो जास्त निघावा म्हणून. कमी निघाला तर माणसाचं तोंड उतरतं, जणू इतकी वर्षं उगाचच काळजी केली. तेबानचा एकशे साठ निघाला, तर तो दिवसभर गाडीतल्या गिऱ्हाइकांना सांगत सुटला. मानांग कोरिंगचा एकशे वीस निघाला.

"परत मोज," त्या म्हणाल्या.

"मानांग, चांगला आहे."

"माझ्या वयाला चांगला कसा असेल? यंत्र बिघडलंय तुझं. तेबानला एकशे साठ देतेस आणि मला एकशे वीस?"

शेवटी देल्फिनाने त्यांना एकदा जिना चढून यायला सांगितलं, आणि एकशे अडतीसवर तडजोड झाली.

हातांचा प्रश्न मात्र तसाच होता. म्हणून नानाय तिला घेऊन तियो बासियोकडे, म्हणजे बासियोकाकांकडे गेली. तियो बासियो अंग चोळून देतात, मुरगळलेलं बसवतात आणि न मुरगळलेलं मुरगळतात. त्यांनी देल्फिनाचे दोन्ही हात उलटे-सुलटे करून पाहिले, शिरा दाबल्या, डोळे मिटले.

"उपाय आहे," ते म्हणाले. "रोज सकाळी उठल्याबरोबर या हातांवर स्वतःचीच घ्यायची. पहिल्या धारेची."

पहिल्या धारेची म्हटल्यावर दाराशी गाडी लावून बसलेल्या तेबानचे कान टवकारले होते. कशाची ते कळल्यावर तो निघून गेला.

"तियो," देल्फिना म्हणाली, "हे मी कॉलेजात कुणाला सांगू शकत नाही."

"सांगायचं कशाला, इंदाय पोरी? जवळ गेलीस की कळेलच."

तिने तो उपाय केला की नाही हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. पण पुढचे तीन दिवस तिने दिलेला पाव कुणी हातात घेतला नाही आणि रक्तदाबाची रांगही एकदम ओसरली.

त्या आठवड्यात देल्फिना इस्त्री संपवून चारदा नळापाशी गेली. चारही वेळा नळावर हात ठेवला आणि मागे फिरली. एकदा नळ सुटलासुद्धा, तर तिने कोपराने बंद केला. तिला स्वतःची शरम वाटत होती. जी बाई एका नळाला भिते ती रक्ताला काय तोंड देणार? आणि नळापाशी उभी असताना दर वेळी तिला खिडकीतून आई दिसायची. दोघींसाठी केलेल्या त्या लांब टेबलाच्या एका टोकाला ती एकटी, दुसरं टोक रिकामं. कॉलेज शहरात, राहायचं वसतिगृहात, घरी यायचं महिन्यातून एकदा. नानाय एकदाही "जाऊ नकोस" म्हणाली नव्हती. ती फक्त हातांबद्दल बोलायची. सकाळी हात, दुपारी हात, जेवताना हात. देल्फिनाला त्याचा राग यायचा आणि मग रागाचं वाईट वाटायचं.

शनिवारी बॅग भरून झाली. नानायने ती दाराशी पाहिली आणि खुर्ची ओढून बसली.

"उद्या चर्चमधली मिसा झाल्यावर तुझा गणवेश इस्त्री कर," ती म्हणाली. "आणि लगेच धू हात. पन्नास वेळा नको, एकदाच धू. परवा सकाळी बघू. हात स्थिर असले तर जा, मी चकार शब्द काढणार नाही. थरथरले तर बॅग सोडायची. कबूल?"

"कबूल," देल्फिना म्हणाली. दुसरं काय म्हणणार? तिलाही एकदाचं कळायला हवंच होतं.

रविवारी चर्चमधून सुटलेली माणसं घरी न जाता थेट त्यांच्या अंगणात आली. कोंबड्यांच्या झुंजीला सुद्धा इतकी गर्दी मी पाहिलेली नाही. तियो बासियो तेलाची बाटली घेऊन तयारीत होते. तेबानने एकावर दोन अशी पैज लावायचा प्रयत्न केला, पण देल्फिनाच्या बाजूने कुणी लावेना.

देल्फिनाने गणवेश अंथरला. आयुष्यात हजारो गणवेश इस्त्री केले होते तिने, पण स्वतःचा हा पहिलाच. कॉलरपाशी तिचा हात अडला आणि एक चुणी पडली. नानायला ते बघवेना.

"हो बाजूला. शहरात म्हणतील, हिच्या आईला कॉलर येत नाही." तिने इस्त्री हिसकावली आणि उरलेला गणवेश स्वतः केला, बाह्या, पाठ, खिशाची कड, सगळं. कागदाची पट्टी वाटावी इतकी सरळ. मग ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. "आता धू. मी बघणार नाही."

देल्फिनाने नळ सोडला. साबण लावला. तळवे, मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठे, मनगटं, कोपरापर्यंत. किती वेळ चोळायचं ते घाईत आठवेना. पण भिंतीकडून आईचा मारियाची प्रार्थना पुटपुटल्याचा आवाज येत होता. एक प्रार्थना संपली, दुसरी सुरू झाली. देल्फिनाने तिच्या ठेक्यावरच चोळलं आणि 'आमेन'ला हात पाण्याखाली धरले. पाणी चांगलं गार होतं.

"कसं वाटतंय?" तियो बासियोंनी विचारलं.

"ओलं," देल्फिना म्हणाली.

सोमवारी सकाळी सहालाच अंगण भरलं. तेबान ट्रायसिकल दाराशी लावून बसला होता. सातची जीप चुकली तर शहरात वेळेवर पोचणं नाही. देल्फिना गणवेश घालून, केस जाळीत बांधून बाहेर आली. मानांग कोरिंगने दुकानातून पेला आणला आणि काठोकाठ पाण्याने भरला. भरता भरता अर्धा सांडला, तो त्यांच्या पास्म्याच्या खात्यात गेला आणि त्यांनी परत भरला.

देल्फिनाने पेला हातात घेतला आणि हात पुढे केला.

क्षणभर पाणी काचेसारखं होतं. मग काठाशी बारीक लाट उठली, मग दुसरी, आणि पाणी तियो बासियोंच्या पायावर पडलं.

"पास्मा," ते म्हणाले. निदान बरोबर निघालेल्या माणसाचं समाधान त्यांच्या तोंडावर होतं.

तेबानने इंजिन बंद केलं. देल्फिनाने पेला बाकावर ठेवला आणि बॅगेपाशी जाऊन बसली. बंद सोडायला लागली, पण बोटं ऐकत नव्हती, गाठ सुटेना.

"नानाय," ती खाली बघूनच म्हणाली, "बॅग सोडते मी, कबूल केलंय. पण हा पास्मा नाही. मला भीती वाटतेय."

"कशाची?"

"तिकडे सगळ्या अठराच्या. मी नापास होईन. आणि मागे तू त्या टेबलापाशी एकटी. रात्रभर तेच डोळ्यांपुढे होतं."

"भीतीने कुणाचा हात हलतो का?" नानाय म्हणाली. "दे तो पेला. कोरिंग, भर गं. स्थिर हात कसा असतो ते दाखवते सगळ्यांना. काल मीही इस्त्री केली, आणि तेव्हापासून पाण्याचा थेंब नाही या हातांना. आज सकाळची कॉफीसुद्धा हिनेच केलीय."

तिने पेला घेतला आणि हात लांब केला. पेला हलायला लागला. नानायने दुसऱ्या हाताने मनगट धरलं, तर दोन्ही हात हलायला लागले. पाणी तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं.

तियो बासियो पुढे झाले. "पुरिंग, काल चुकून कुठे पाण्यात हात गेला असेल."

"नाही."

"मिसेला जाताना तीर्थ..."

"ते इस्त्रीच्या आधी होतं. कोरडे आहेत, बासियो. कालपासून कोरडे आहेत हात." तिने आपल्या हातांकडे बघितलं, मग बॅगेच्या गाठीशी झटणाऱ्या देल्फिनाच्या हातांकडे. "हे पाण्याने होत नाही," ती म्हणाली.

तिने वाकून देल्फिनाचे हात गाठीवरून बाजूला केले, अर्धी सुटलेली गाठ परत घट्ट आवळली आणि बॅग स्वतः उचलून ट्रायसिकलमध्ये ठेवली.

"तेबान, सुरू कर गाडी," ती म्हणाली. "हिला सातची जीप पकडायचीय."