दक्षिणेचा लिंब

शहराच्या मध्यवर्ती बसस्थानकातून कन्नडची गाडी निघाली तेव्हा ऊन अजून कोवळं होतं. पुढे पिशोरला जायचं होतं आणि तिथून डोंगराच्या पायथ्याच्या एका वस्तीवर. माझी पत्नी सुनंदा याच गाडीने जायची. वाळूजच्या एका कारखान्यात ती अभियंता होती. वीज न पोहोचलेल्या वस्त्यांवर दिवे लावायचं काम कारखान्याने हाती घेतलं, तेव्हा तिने ते मागून घेतलं. त्या वस्तीवर तिने सौर पॅनल उभे केले. घराघरांत दिवे लागले आणि पिठाची एक लहान गिरणीही सुरू झाली.

तिला जाऊन आता काही वर्षं झाली. तिच्या दहाव्याला वस्तीवरची माणसं जीप करून पुंडलिकनगरला आमच्या घरी आली होती. निघताना त्यांनी मूठभर रक्षा मागून घेतली. तिच्या नावाने झाड लावायचं होतं. मी दिली आणि पुढे विचारलं नाही. मागच्या आठवड्यात गोदामावशींचा फोन आला. दिव्यांची देखभाल बघणाऱ्या बायकांच्या गटाच्या त्या प्रमुख. झाड मोठं झालंय, येऊन बघून जा, एवढंच त्या म्हणाल्या.

दौलताबादच्या रस्त्याला पेरूच्या टोपल्या मांडल्या होत्या. घाट ओलांडून गाडी वेरूळला थांबली. लेण्यांकडे जाणारी शाळेची एक सहल उतरली आणि गाडीत अचानक शांतता झाली. पुढे दोन्ही बाजूंना अद्रकीची (आल्याची) हिरवी शेतं आणि वेचणी होऊन गेलेल्या कपाशीच्या काळ्या काड्या. सुनंदा या रस्त्याबद्दल फार बोलायची. मी तेव्हा कधी आलो नाही. तीही कधी चला म्हणाली नाही.

पिशोरला रशीदभाई वाट बघत उभे होते. त्यांचं विजेच्या सामानाचं दुकान आहे आणि सुनंदाच्या कंपनीने वस्तीवरची दुरुस्ती त्यांच्याकडे दिलेली. त्यांच्या मोटारसायकलवर आम्ही निघालो. वाटेत ते म्हणाले, "सर, तुम्ही तरी समजावा त्यांना. मैं बोल्या तो मेरेकू दुश्मन समझे." काय समजवायचं ते विचारलं, तर म्हणाले, आधी बघा.

ओढ्याजवळ चाक पंक्चर झालं. गाडी ढकलत आम्ही चढण चढलो, आणि म्हणून ते झाड मला लांबूनच दिसलं. कडुलिंब. सरळ, भरगच्च, वस्तीतल्या सगळ्या छपरांपेक्षा उंच. बुंध्याभोवती दगडांचा ओटा, त्यावर हळदीकुंकू. मी जवळ जाऊन सालीला हात लावला. एवढ्या वर्षांत इतकं बरं मला वाटलं नव्हतं.

मग मागे वळलो. झाडाची सावली लांब पसरून पॅनलवर पडली होती. हिवाळ्यातली भर दुपार, आणि निम्मे पॅनल सावलीत.

वस्तीने सुनंदाला ताई मानलेलं, त्यामुळे मी सगळ्यांचा दाजी. गोदामावशींनी पाट मांडला. बाजरीची गरम भाकरी, वांग्याचं कोरड्यास (भाकरीबरोबरचं कालवण), ठेचा. "जावई लई वर्षांनी सासरी आला," त्या वाढत म्हणाल्या, "आता रुसायचं त्यानं का आम्ही?" बायका हसल्या. मीही हसलो. हात धुतल्यावर मात्र कुणी हसेना.

मावशींनी मग सगळं सांगितलं. ती गेली तेव्हा झाड कुठं लावायचं यावर वस्तीत बैठक बसली होती. मेलेल्या माणसाची दिशा दक्षिण, तेव्हा झाड दक्षिणेलाच हवं. आणि ताईची जागा म्हणजे पॅनलची जागा. म्हणून पॅनलच्या दक्षिणेला खड्डा खणून त्यात रक्षा घातली आणि वर रोप लावलं. पाळीपाळीने पाणी घालून ते जगवलं.

"सूरज भी उधरीच रहता ना, सर," रशीदभाई हळूच म्हणाले. पॅनल दक्षिणेकडे तोंड करूनच बसवतात. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला खाली उतरतो आणि सावली लांबते. झाड लहान होतं तोवर काही कळलं नाही. मग दिवाळीनंतर दिवे मंद व्हायला लागले. बॅटऱ्या अर्ध्याच भरत राहिल्या आणि शेवटी बसल्या. गिरणी बंद पडली. बाया आता दळणाची गठुडी डोक्यावर घेऊन पिशोरला जातात.

कंपनीचा नवा अधिकारी येऊन गेला होता. मुलगा चांगला होता, सगळ्यांचं ऐकून घेतलं, असं मावशी म्हणाल्या. पॅनल दुसरीकडे हलवायची सोय आता नव्हती. या महिन्याअखेर कंपनीचं इथलं काम संपणार आणि ती दुसऱ्या तालुक्यात जाणार. त्याआधी सावली काढली तर नव्या बॅटऱ्या बसवून देऊ, नाहीतर आहे ते तसंच वस्तीच्या ताब्यात, असं तो सांगून गेला.

गोदामावशींचे दीर भाऊराव भिंतीला टेकून बसले होते. ते म्हणाले, "दिवे जाऊ द्या. ताईच्या झाडाला हात लावायचा नाय."

"गठुडं तुमच्या डोक्यावर नाय ना," मावशी म्हणाल्या. "अन् ताईनं गिरणी कुणासाठी बसवली, तुमच्या बैठकीतल्या पंचांसाठी व्हय?"

फांद्या छाटून भागेल का, मी रशीदभाईंना विचारलं. ते म्हणाले, यंदा भागेल, पण लिंब दरवर्षी फुटतो आणि खोडाची सावली तर राहतेच. माझ्या प्रश्नात काय होतं ते सगळ्यांना कळलं असणार. सगळे माझ्याकडे बघत होते.

"आमच्यानं ठरंना, दाजी," मावशी म्हणाल्या. "तुम्ही म्हणाल तसं. नको म्हणालात तरी कुणी बोल लावायचं नाय."

मी बाहेर गेलो. ओट्यावर बसलो. वारा नव्हता तरी वर पानं हलत होती. शहरातल्या घरात तिचे कपडे आहेत, पुस्तकं आहेत. पण तिचं म्हणून वाढणारं असं हे एकच होतं. शेजारच्या खोलीत गिरणीवर पोतं टाकलेलं दिसत होतं. मी आत जाऊन सांगितलं की झाड काढा.

कुणी उठलं नाही. मग भाऊरावच उठले आणि कुऱ्हाड आणून त्यांनी माझ्यासमोर धरली. पहिला घाव घरच्याचा, म्हणाले. मी आधी झाडाला नमस्कार केला. घाव नीट बसला नाही, साल तेवढी निघाली. त्यांनी कुऱ्हाड परत घेतली आणि पुढे मी बघितलं नाही. झाड पडल्याचा आवाज मात्र ऐकला. वळलो तेव्हा सगळ्या पॅनलवर ऊन होतं.

बुंधा खणून काढा, नाहीतर पुन्हा फुटेल, असं रशीदभाईंनी बजावलं. उद्या काढू, सगळे म्हणाले. मावशींनी दुसरं रोप उत्तरेला लावायचं ठरवलं. चांगलंच होईल ते. रक्षा मात्र मूठभरच होती आणि ती त्या बुंध्याखाली आहे.

परतीच्या गाडीत हाताला सालीचा कडू वास येत राहिला. त्या लोकांनी तिला मृतांच्या दिशेला ठेवलं, कारण प्रेम कसं करायचं ते त्यांना तेवढंच शिकवलेलं होतं. पॅनल कुठं बघतात आणि का, हे एकदा सांगायला हवं होतं. पण ज्या कंपनीने एवढं सगळं दिलं, तिच्याकडून सुनंदानंतर तेवढं सांगायलाही कुणी थांबलं नाही.

महिनाअखेरीस मावशींचा फोन आला. बॅटऱ्या आल्या, गिरणी सुरू झाली, कंपनीची माणसं नारळ फोडून गेली. मी बुंध्याचं विचारलं. पलीकडे गिरणीचा आवाज येत होता.

"काढू की," त्या म्हणाल्या. "त्याला काय घाई हाय, दाजी."

मीही पुन्हा विचारलं नाही.