भावाला किडनी द्यायची होती, म्हणून जेवायला शिकले

"तुमची किडनी आम्ही आत्ता घेऊ शकत नाही," डॉक्टर म्हणाल्या.

"म्हणजे मॅच झाली नाही का?" मी विचारलं.

"मॅच उत्तम झाली आहे. अडचण तुमच्या साखरेची आहे."

मुलुंडच्या हॉस्पिटलात आम्ही तिघं त्यांच्यासमोर बसलो होतो. मी, माझा नवरा हेमंत आणि माझा धाकटा भाऊ संदेश. आजारी संदेश होता, डायलिसिसवर संदेश होता. मी फक्त देणारी म्हणून तपासण्या करायला आले होते. आणि त्या दिवशी निदान झालं ते माझं.

डॉक्टरांनी रिपोर्ट समजावून सांगितले. एचबीए१सी म्हणून एक तपासणी असते. गेल्या दोन-तीन महिन्यांत रक्तात सरासरी किती साखर होती ते त्यात कळतं. दुसरी जीटीटी. त्यात ग्लुकोजचं पाणी प्यायला देतात आणि थोड्या वेळाने पुन्हा रक्त घेतात, म्हणजे शरीर ती साखर कशी पचवतं ते दिसतं. माझ्या दोन्ही तपासण्या एकच गोष्ट सांगत होत्या. प्री-डायबेटीस. मधुमेह झालेला नाही, पण दारात उभा आहे. सोनोग्राफीत फॅटी लिव्हरही निघालं, म्हणजे यकृतावर चरबी साठलेली. आणि वजन तर मला ठाऊकच होतं.

"एक किडनी दिल्यावर उरलेल्या एकीवर तुम्हाला अख्खं आयुष्य काढायचंय," डॉक्टर म्हणाल्या. "उद्या तुम्हाला मधुमेह झाला, तर तीही धोक्यात. काही वर्षांनी तुम्ही याच खुर्चीत पेशंट म्हणून बसाल. ते मी होऊ देणार नाही."

संदेश मान खाली घालून बसला होता. बाहेर आल्यावर म्हणाला, "ताई, सोड ना. माझं चाललंय व्यवस्थित."

व्यवस्थित काहीच चाललं नव्हतं. संदेश लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो. अंधेरी, घाटकोपर, पवई, जिथे बोलावतील तिथे जायचं. दोन वर्षं त्याचं डोकं दुखायचं, तर तो म्हणायचा ऊन लागतंय. पाय सुजले, तर म्हणाला उभं राहून काम असतं. शेवटी धाप लागून पडला तेव्हा कळलं की ब्लड प्रेशर कित्येक दिवस वाढलेलं होतं आणि त्याने दोन्ही किडन्या खाल्ल्या होत्या. क्रिएटिनिन हे रक्तातल्या कचऱ्याचं माप. किडनी काम करेनाशी झाली की ते चढत जातं. त्याचं इतकं चढलं होतं की थेट डायलिसिस सुरू करावं लागलं. आठवड्यातून तीनदा मशीनला जोडून रक्त साफ करून घ्यायचं आणि घरी येऊन गळून पडायचं. तो आणि आई कांजूरमार्गला राहतात. बाबा गेल्यापासून दोघंच. आईचा रक्तगट जुळला नाही. उरले मी.

मी मालिकांच्या सेटवर हेअरड्रेसर आहे. राहायला दिंडोशीला, काम बहुतेक मढला, शूटिंगच्या बंगल्यांमध्ये. नायिकेचा अंबाडा, सासूचा खोपा, खलनायिकेच्या बटा, सगळं माझ्याकडे. शिफ्ट बारा तासांची म्हणतात, पण ती बारा तासांत संपल्याचं मला आठवत नाही.

त्या दिवशी घरी येतानाच मी ठरवलं की उद्यापासून डाएट. मला डाएटचा अनुभव दांडगा होता. लग्नाआधी सूपवर राहिले होते. मुलगी झाल्यावर भात बंद केला होता. एकदा नुसत्या फळांवर काढलं होतं. दर वेळी वजन उतरायचं आणि सून माहेरी जाऊन यावी तसं थोड्या दिवसांनी सामान वाढवून परत यायचं. पण या वेळी कारण मोठं होतं. मी काकडी, ताक आणि लिंबूपाण्यावर राहिले. काटा रोज खाली सरकत होता. मी खूश होते, संदेशला फोन करून सांगत होते.

सेटवर तेव्हा लग्नाचा ट्रॅक चालू होता. नायिकेच्या अंबाड्यात मी गजरा माळत होते आणि समोरचा आरसा एकदम काळा झाला. शुद्धीवर आले तेव्हा मी जमिनीवर होते. मेकअपवाली रेश्मा माझं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि नायिका अर्धवट माळलेला गजरा तसाच लोंबकळत ठेवून मला पंख्याने वारा घालत होती. रेश्माने विचारलं, "काय खाल्लंस सकाळपासून?" मी म्हटलं, काकडी. ती म्हणाली, "वेडी आहेस का गं तू?"

पुढच्या भेटीत मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. वजन किती उतरलं तेही अभिमानाने सांगितलं.

"हे तुम्ही साठाव्या वर्षी करू शकाल?" त्यांनी विचारलं.

"साठाव्या? नाही."

"मग याचा उपयोग नाही. हा परीक्षेपुरता अभ्यास झाला. किडनी काढून घेतल्यावर तुम्ही परत पूर्वीसारखं खाणार. मला तुमचं रोजचं जेवण बदललेलं हवंय. डाएट हा शब्द विसरा."

"डॉक्टर, मला जेवायला वेळच नसतो."

"हरकत नाही. वेळ नसताना काय खाता ते सांगा. तिथून सुरू करू."

मी सांगत गेले आणि सांगताना माझी मलाच गंमत वाटायला लागली. सेटवर पोचल्या पोचल्या गोड चहा आणि मेदूवडे. मग दिवसभर चहाची किटली फिरते, ती समोर आली की कप पुढे करायचा. दुपारी उभ्याने भाताचं ताट. संध्याकाळी समोसा. घरी पोचेपर्यंत इतकी भूक की दिवसभराचं राहिलेलं जेवण एकदम जेवायचं आणि तसंच झोपायचं.

"यातली सगळ्यात सोपी गोष्ट कुठली? एकच निवडा," त्या म्हणाल्या.

मी चहा निवडला.

आता तुमच्यापैकी कुणी याच जागी असेल, तर सांगते. मला वाटलं होतं, एवढ्याशा गोष्टीने काय होणार. चहा बंद केला नाही, साखर कमी करत गेले. पहिले काही दिवस चहा म्हणजे औषध वाटलं. मग एक दिवस चुकून दुसऱ्याचा कप उचलला, एक घोट घेतला आणि मला तो पाक वाटला. मी रेश्माला म्हटलं, "अगं, हे आपण प्यायचो?" त्या दिवशी मला पहिल्यांदा काहीतरी जिंकल्यासारखं झालं. काटा जागचा हलला नव्हता, पण माझी जीभ बदलली होती. आणि ते कुणी माझ्याकडून परत घेऊ शकत नव्हतं.

मग पुढची गोष्ट. हेमंत सकाळी अंडी उकडून डब्यात द्यायला लागला. ती खाल्ली की मेदूवड्यांचा ट्रे समोरून गेला तरी हात शिवशिवत नसे. मग ताटाचा क्रम. जेवणात आधी उसळ, कोशिंबीर आणि डाळ, भात शेवटी. भात कुणी बंद केला नव्हता. पण शेवटी आला की आपोआप कमी लागायचा. मला हे इतकं भारी वाटलं की मी सेटवर सगळ्यांना सांगत सुटले. कॅमेरावाले मला उसळताई म्हणायला लागले.

सगळ्यात अवघड होतं संध्याकाळचं. त्यासाठी मी भाकरी-भाजीचा दुसरा डबा नेऊ लागले आणि समोशाच्या वेळी तो जेवून टाकू लागले, बसून. घरी गेल्यावर एक वाटी आमटी, संपलं. सकाळी उठताना अंग हलकं वाटायचं. असं हलकं मला शाळेत असताना वाटत असेल. रेश्माही दुसरा डबा आणू लागली. जेवण झालं की आम्ही दोघी बंगल्यामागच्या वाटेने समुद्रापर्यंत चालून यायचो. असिस्टंट डायरेक्टर वैतागायचा, मग त्यालाही सवय झाली.

कांजूरला आईकडे गेले की ती मला निरखून बघायची. काकडीच्या दिवसांत ती घाबरली होती. "गो बाय, तू पण अशी सुकत गेलंस तर माका दोघांकय सांभाळूक लागात," म्हणाली होती. आता मी तिच्याकडे बांगड्याचं तिखलं आणि भाकरी मागून घेतली, तर ती चक्रावली.

"मगे ह्यां कसला डाएट?"

"डाएट नाहीच आई. जेवण आहे."

"ह्यां माका आधी सांगूचा नाय?" म्हणत तिने दुसरी तुकडी वाढली.

सगळं सरळ गेलं असं नाही. गणपतीत मी मोदक खाल्ले, आणि चांगले तुपाची धार घेऊन खाल्ले. पूर्वी एक मोदक खाल्ला की वाटायचं, गेलं सगळं, आता दिवाळीनंतर बघू. या वेळी रात्री नेहमीसारखी उसळ-भाकरी जेवले. मग मालिकेचे शूट करून ठेवलेले भाग कमी पडायला लागले आणि आमच्या डबल शिफ्ट लागल्या. तेव्हा खरंच वाट लागली. समोसे परत आले, चालणं गेलं. डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "चहात साखर परत आली का?" मी म्हटलं, नाही. "मग तुम्ही पहिल्या पायरीवर नाही आहात. जिथे थांबलात तिथून पुढे चला."

काही महिन्यांनी पुन्हा जीटीटी झाली. ते गोड पाणी माझ्याच्याने पिववेना. रिपोर्टच्या दिवशी संदेश डायलिसिसला होता, म्हणून मी आणि हेमंत दोघंच गेलो. डॉक्टरांनी कागद वाचला, परत वाचला.

"वजन अजून थोडं जास्त आहे. पण साखर नॉर्मल आहे. लिव्हरही सुधारलंय. अजून काही महिने असंच राहिलं, तर मी हो म्हणेन."

"असंच राहणार," मी म्हटलं. "मला आता दुसरं काही खाता येत नाही."

त्या हसल्या. मी डायलिसिसच्या खोलीकडे पळतच गेले. संदेशच्या हातात सुया होत्या, तो उठू शकत नव्हता. मी सांगितलं तर त्याने दुसऱ्या हाताने डोळ्यांवर चादर ओढून घेतली. बाजूच्या खाटेवरचे काका विचारत होते, काय झालं, काय झालं. मी म्हटलं, "माझी साखर नॉर्मल आली." त्यांना काही कळलं नाही, तरी ते म्हणाले, "वा, झकास."

पुढची तपासणीही तशीच आली. मग अवयवदानाला परवानगी देणारी समिती. तिथे मला एकटीला बसवून विचारलं की कुणी दबाव टाकतंय का. मी म्हटलं, दबाव भाऊच टाकतोय, देऊ नको म्हणून.

ऑपरेशन लॅप्रोस्कोपीने झालं, म्हणजे पोट मोठं न कापता छोट्या छिद्रांतून. मी जागी झाले तेव्हा घसा कोरडा होता आणि पोट ठणकत होतं. मी आधी संदेशचं विचारलं. नर्स वाकून म्हणाली, "तुमच्या किडनीने तिथे टेबलावरच काम सुरू केलं. पिशवी भरतेय."

तुम्हाला हे विचित्र वाटेल, पण ज्यांच्या घरात डायलिसिस आहे त्यांना कळेल. संदेशला कित्येक महिन्यांत नीट लघवी झाली नव्हती. आणि आता पिशवी भरत होती. हेमंत सांगतो, आई बाहेरच्या बाकावर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून सांगत होती, "माझ्या झिलाक लघवी झाली." अनोळखी माणसं तिचं अभिनंदन करत होती. मला हसायचं होतं, पण टाके दुखत होते, म्हणून मी नुसती पडून राहिले आणि डोळ्यांतलं पाणी कानांत ओघळत गेलं.

दोन महिन्यांनी मी सेटवर परतले. जड पेट्या रेश्मा उचलू देत नाही. माझी किडनी उत्तम आहे, जी माझ्याकडे आहे तीही आणि जी कांजूरमार्गला आहे तीही. दरवर्षी तपासणी असते. वजन हळूहळू अजून उतरतंय, पण मी काट्यावर रोज चढत नाही. डॉक्टरांचे आभार कसे मानायचे मला कळत नाही. त्यांनी नकार दिला नसता, तर मी भावाला वाचवलं असतं आणि स्वतः त्याच रांगेत जाऊन उभी राहिले असते. आणि मला ते कळलंही नसतं.

गंमत पुढे आहे. नवी किडनी शरीराने नाकारू नये म्हणून संदेशला स्टेरॉइडच्या गोळ्या आहेत. त्यांनी साखर वाढते आणि भूकही भयंकर लागते. मागच्या महिन्यात त्याची साखर जरा वर आली. संध्याकाळी मला फोन केला, आवाजच पडलेला.

"ताई, उद्यापासून भात, चपाती सगळं बंद. डाएट करतो."

मी एका सासूच्या खोप्यात पिना खोचत होते. पिना तोंडातून काढल्या.

"अजिबात नाही," मी म्हटलं. "दिवसभर काय खातोस ते सांग आधी."

"यार ताई, वेळ कुठे असतो? एका लिफ्टवरून दुसऱ्या लिफ्टवर जातो."

"ते माहितीये मला. वेळ नसताना काय खातोस ते सांग."

तो सांगायला लागला. मी सासूबाईंना मान सरळ ठेवायची खूण केली आणि ऐकत राहिले. त्याचं सांगून झालं तेव्हा मला इतका आनंद झाला होता की रेश्मा वळून बघायला लागली.

"यातलं सगळ्यात सोपं काय वाटतं तुला?" मी विचारलं. "एकच निवड."

तो बराच वेळ विचार करत राहिला. मी थांबले. शॉट तयार आहे म्हणून बाहेरून हाका येत होत्या, पण मला घाई नव्हती.