रहाडीतला मुखवटा

ती घटना आठवली की अजूनही थकायला होतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण त्या एका साध्या चोरीने दिला तेवढा शीण कशानेच दिला नाही.

जुन्या नाशकातली एक गल्ली. कोरीव लाकडी दारं, तांब्या-पितळेची दुकानं, मधोमध देवीचं लहानसं देऊळ. राहायला कुणालाच नको आणि बघायला सगळ्यांना हवी, अशी तिची गत. बरीच कुटुंबं गंगापूर रोडला फ्लॅटमध्ये गेलेली. रविवारी तिकडूनच लोक दारांचे फोटो काढायला यायचे. त्यांना फिरवून गल्लीचा इतिहास सांगणारा तरुण गाइड मात्र गल्लीतच जन्मलेला, तिथेच राहणारा.

एका सकाळी देवीचा जुना पितळी मुखवटा गायब झाला. फिर्याद द्यायला निम्मी गल्ली ठाण्यात आली आणि सगळ्यांनी एका सुरात गाइडचंच नाव घेतलं. "बाहेरची माणसं हाच आणतो, साहेब. दुसरं कोण असणार?"

त्याला चौकशीला बोलावलं. तोच प्रश्न उलटसुलट विचारला की खोटं बोलणाऱ्याचा तपशील कुठेतरी बदलतो. याचा बदलत नव्हता.

"मुखवटा दाखवूनच माझं पोट चालतं, साहेब. मी तो कशाला चोरू?" मग हळूच म्हणाला, "ह्यांच्याच घरी जेवून मोठा झालोय. खरंच माझं नाव घेतलं त्यांनी?"

मी टेबलावरचा फिर्यादीचा कागद उलटा करून ठेवला.

दुपारी देवळासमोरची फुलवाली हवालदाराला बाजूला घेऊन म्हणाली, "माझं नाव नका घेऊ, पण रहाडीवरची माती कुणीतरी उकरल्यागत दिसतीये."

रहाड म्हणजे जमिनीतला पेशव्यांच्या काळचा दगडी हौद. रंगपंचमीला त्यात रंग भरून लोक उड्या मारतात. एरवी वर्षभर फळ्या टाकून, माती लोटून तो बंद असतो. तो उघडायचा मान एकाच घराण्याचा, आणि पूजेशिवाय त्याला कुणी हात लावत नाही. रंगपंचमी तर अजून लांब होती.

मी पंच बोलावले, कुदळ मागवली. तेवढ्यात गर्दीतून मानकरी आजोबा पुढे आले. हातात नारळ, हळद-कुंकू.

"पूजेशिवाय उघडू नका, साहेब. आमच्या घराण्याला ते पाप लागेल."

"पूजा करा, आजोबा. पण उघडावी तर लागेलच."

त्यांनी नारळ फोडला आणि स्वतःच कोपऱ्यातल्या फळीवर बोट ठेवलं. "इथून काढा. मधून काढलीत तर देवीला धक्का लागेल."

त्याच फळीखाली, धोतरात गुंडाळलेला मुखवटा होता. जबाबात त्यांनी काहीच लपवलं नाही. फ्लॅटमध्ये गेलेल्या विश्वस्तांनी देवी गंगापूर रोडच्या नव्या देवळात न्यायचं ठरवलं होतं. "देवी गेली, की गल्लीत राहतं काय? फोटो काढायची दारं?"

"आणि तो पोरगा सकाळपासून ठाण्यात बसलाय, त्याचं काय?"

"वाटलं, तुम्ही द्याल सोडून," एवढंच म्हणाले आजोबा. मला त्यांचा राग आला आणि कीवही आली.

मुखवटा ठाण्यात आला आणि त्याच्यामागे गल्ली दर्शनाला आली. दाराशी चपला काढून, हार घेऊन, रांगेत. गाइड बाकावर बसला होता. त्याच्या गुडघ्याला पदर घासत बायका पुढे जात होत्या. एकीनेही त्याच्याकडे पाहिलं नाही. कदाचित लाज वाटत असेल. मी त्याला म्हणालो, "तुझं काम झालं, जा आता."

"थांबतो जरा, साहेब. कुणीतरी 'चल घरी' म्हणेल."

दर्शन आटोपलं, गल्ली परत गेली. तसं कुणीच म्हटलं नाही. शेवटी हवालदाराने त्याला गाडीवरून घरी सोडलं. पुढे तो एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कंत्राटी कामाला लागला, राहायलाही तिकडेच गेला.

गल्लीत आता दुसरे गाइड येतात, गर्दी पूर्वीपेक्षा जास्त असते. गेलेला माल शोधून परत द्यायला पोलीस आहेत. गेलेला माणूस ज्याचा त्यालाच जाऊन आणावा लागतो, एवढंच मी त्या केसमधून शिकलो. एकलहरे काही लांब नाही. अजून कुणी गेलेलं नाही.